दुलीचंदभाऊंच्या टाकीतला करगा

प्रिय ईशान, प्रिय रेवा,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही तुमची नवी खाऱ्या पाण्याची टाकी दाखवलीत. एका दगडावर तपकिरी, केसाळ, नखाएवढं काहीतरी हलत होतं आणि रेवा म्हणाली, "आजी, हे फुकट मिळालं!" हेच वाक्य मी पूर्वी गोंदियात ऐकलं आहे. ते म्हणणाऱ्या माणसाला तुम्ही पाहिलेलं नाही, म्हणून त्याच्याविषयी लिहिते. टाकीचं काय करायचं तेही त्यात आलं.

दुलीचंदभाऊ आमच्या शेजारी राहत. तिरोडा रस्त्यावर त्यांची राइस मिल होती आणि मुर्रीला धानाची शेती. रोज आंघोळ झाली की ते दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीपाशी जात, करंगळी पाण्यात बुडवत आणि जिभेला लावत. "आज बरोबर आहे," असा निकाल दिल्यावरच खारटपणा मोजायचं उपकरण बाहेर काढत. दोघांचं जमलं नाही तर उपकरण चुकलं असं ते धरून चालत.

समुद्र त्यांनी एकदाच पाहिला होता, जगन्नाथपुरीला. तिथून ते "आपल्याकडं काऊन नाही?" हा प्रश्न घेऊन परतले. मग नागपूरच्या एका दुकानदारामार्फत मिठाची पोती, पंप, दिवे, दगड असं एकेक येत गेलं आणि शेवटी थाळीएवढं एक समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा जिवंत समुद्री प्राणी, आलं. त्याच्या बोटांसारख्या पाकळ्यांत नारिंगी-पांढऱ्या माशांची जोडी झोपत असे. लग्नाची पत्रिका द्यायला आलेले पाहुणेही आधी ते बघत.

त्यांच्या पत्नी कौशल्याताईंना हे मान्य नव्हतं. ती भारनियमनाची वर्षं होती आणि घरातला एकुलता इन्व्हर्टर टाकीला जोडलेला होता. "आमी घामानं मरून राहिलो, अन् मासे थंड्या हवेत," त्या मला ऐकवत.

"त्यायले घाम येत नाही, म्हणून पंखा नाही लावला," भाऊ म्हणत. "बोल, किती बचत केली!"

एका पावसाळ्यात त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. नव्या दगडावर तपकिरी, नखाएवढं एक छोटं समुद्रफूल उगवलं होतं. "मॅडम, पिल्लू झालं. फोकट में!" मी कॉलेजात इंग्रजी शिकवत होते, समुद्री जीवांचं मला काहीच ठाऊक नव्हतं. मीही अभिनंदन केलं.

दिवाळीपर्यंत अशी पिल्लं सगळ्या दगडांवर पसरली. ती डंख मारत. एखादं टेकलं की मोठं समुद्रफूल आकसे आणि जागा सोडून सरके. सरकता सरकता ते पंपाच्या तोंडाकडे निघालं होतं. आत ओढलं गेलं असतं तर त्याच्या चिंध्या झाल्या असत्या, पाणी नासलं असतं आणि मासेही गेले असते. भाऊंची झोप उडाली.

"हा करगा होय," ते म्हणाले. करगा म्हणजे धानात उगवणारं, धानासारखंच दिसणारं तण. ओळखू येईपर्यंत ते मूळ धरून बसतं. करग्यावर त्यांना एकच इलाज ठाऊक होता, निंदण. बाही सरसावून ते टाकीपुढे बसले आणि चिमट्याने एकेक उपटून काढलं. टाकी स्वच्छ दिसली. त्या दिवशी आम्हाला पेढे मिळाले.

पुढच्या महिन्यात करगा कितीतरी पटींनी वाढला.

मग ते माझ्याकडे आले. "मॅडम, इंग्रजीत काही असंल तर वाचून सांगा." मी सायबर कॅफेतून दोन पानं छापून आणली आणि त्यांच्या ओसरीवर मराठीत वाचून दाखवली. याला उपटू नये. तळाचा कण जरी दगडाला राहिला, तरी त्यातून नवं उगवतं.

भाऊंनी दोन्ही पानं हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग म्हणाले, "म्हणजे मी निंदण केलंच नाही. रोवणी केली."

इलाजही त्या पानांत होता. शुद्ध चुन्याची दाट पेस्ट करायची, पंप बंद ठेवायचे आणि सुई न लावलेल्या सिरिंजने ती नेमकी त्याच्या तोंडावर सोडायची. एका वेळी थोडीच मारायची. हे शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं.

"थोडी कायले? दुश्मनाले हप्ते देतात काय?" असं म्हणून त्यांनी एका दुपारी सगळी मारली.

कौशल्याताईंनी कुंपणावरून हाक मारली तेव्हा मी धावत गेले. टाकी ताकासारखी पांढरी झाली होती. मासे वर येऊन तोंडं उघडत होते. मोठं समुद्रफूल मुठीएवढं आकसून तोंड वासून पडलं होतं. भाऊ नुसते उभे होते.

"धानाच्या बांधीत खराब पानी भरलं तर का करता?" कौशल्याताई म्हणाल्या. "उभे काऊन? काढा ना!"

तयार खारं पाणी पिंपात होतं. आम्ही तिघांनी नळीने जुनं पाणी काढलं आणि नवं भरलं. संध्याकाळपर्यंत मासे सावरले. समुद्रफुलाला आठवडा लागला. एका सकाळी त्याची बोटं उघडली तेव्हा भाऊंनी आधी पत्नीला हाक मारली.

त्यानंतर दर रविवारी ते चार-पाचच मारत. उरलेली बघून मी एकदा विचारलं, "संपणार कधी?"

"करगा संपत नाही, मॅडम. आपण दर रविवारी उठत राहिलं पायजे."

काही वर्षांनी थंडीत त्यांचं हृदय बंद पडलं. मुलगा टाकी विकणार असं ऐकलं होतं. पुढच्या रविवारी गेले तर कौशल्याताई चष्मा लावून, सिरिंज धरून टाकीपुढे बसल्या होत्या.

"तुम्हाला तर ही टाकी नकोच होती," मी म्हटलं.

"आताही नको होय. मंग का मरू देऊ?"

त्या अजून हे काम करतात. मोठं समुद्रफूल जिवंत आहे, जोडीतला एक मासा आहे आणि करगाही आहे.