सुबरावांची पितळी डबी

सुबराव निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीत एकतीस वर्षं मुकादम होते. म्हणजे बायका खाली बसून तंबाखू निवडायच्या आणि हे पाठीमागं हात बांधून त्यांच्यातून फिरायचे. एवढ्या अनुभवावर त्यांना माणसांचे, जनावरांचे आणि सरकारचे सगळे रोग कळू लागले. निवृत्त झाल्यावर ते बायकोला घेऊन बेळगावजवळ पिरनवाडीला मुलाच्या घरी राहायला आले आणि घरात कुणी आजारी पडतंय का याची वाट बघत बसले.

वखारीच्या मालकानं निरोपाला त्यांना एक पितळी डबी दिली होती. झाकणावर नाव कोरलेलं: सुबराव मुकादम, निपाणी. डबीत मिश्री. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि सकाळ-संध्याकाळ हिरड्यांना चोळायची. हे तिघा-चौघांच्या देखत अर्धा अर्धा तास चाले आणि पिचकारी सुनेच्या मोगऱ्याच्या कुंडीत पडे. दाढ दुखली की मिश्री, हा त्यांचा एकमेव शोध. शेजारच्या गुंडूची दाढ ठणकत होती तेव्हा त्यांनी त्यालाही ती लावली. गुंडूनं अंगणातच ओकून टाकलं. "घाण भाईर पडली," असं सुबराव म्हणाले.

त्यांची बायको यशोदाबाई हीसुद्धा लग्नापासून मिश्री लावायची. दोन वर्षांपूर्वी गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला, डॉक्टर बोलले, तिनं त्या दिवसापासून बंद केली. नवऱ्यानं तिला भित्री ठरवलं. चाळीस वर्षांत तिनं काही बोलावं अशी जागाच त्यांनी ठेवली नव्हती.

सून नीलम शाळेत शिकवते. या घरात पलंग, कपाट, भांडी सगळं आधीपासूनचं. तिनं स्वतःच्या मनानं आणलेली एकच गोष्ट म्हणजे ठकी, गटाराकडेला सापडलेली तपकिरी मांजरी. ठकी जेवेनाशी झाली, तोंडाला वास येऊ लागला, तेव्हा नीलमनं तिला जनावरांच्या डॉक्टर सौम्याकडं नेलं. मंगळवारी भूल देऊन तीन दाढा काढल्या. टाके पडले. डॉक्टरांनी दुखण्यावरचं पातळ औषध दिलं, रोज सकाळी खाणं झाल्यावर, खुणेपर्यंतच. जरा सुस्ती येईल, पण उलटी झाली तर लगेच फोन करा, असंही बजावलं.

"मांजराच्या दाताचं आपरेशन!" सुबराव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले. "उद्या कोंबडीला चष्मा घालतील."

गुरुवारी सकाळी सात वाजता नीलमनं ठकीला मऊ भात-मासळी चारली, औषध दिलं आणि ती आंघोळीला गेली. बाहेर आली तेव्हा ठकी चुलीच्या ओट्याखाली होती. तोंडातून लाळेची तार लोंबत होती, बुबुळं मोठी झाली होती आणि मागचे पाय लटलट कापत होते. मग ती ओकली. उठायला गेली आणि कुशीवर पडली.

नीलमनं फोन लावला. डॉक्टर म्हणाल्या, औषधाचाही परिणाम असू शकेल, बाटली घेऊन ताबडतोब या.

"बघ! साइड इफेक्ट!" सुबराव आनंदानं उठले. "मी येतोच. त्या पोरीला चार शब्द सुनवायलाच पायजेत."

रिक्षात नीलम टॉवेलात गुंडाळलेल्या ठकीचा श्वास मोजत होती. यशोदाबाई तिच्या शेजारी बसली होती. सुबराव ड्रायव्हरशेजारी बसून औषधांच्या कंपन्यांवर बोलत होते.

दवाखान्यात सौम्यानं बाटली उजेडात धरली. "दोनच वेळचं गेलंय. जास्त दिलेलं नाही." तिनं छातीला नळी लावली. "या औषधानं उलटी होते कधीकधी. पण असा थरकाप नाही. हिनं दुसरं काही खाल्लंय?"

"औषधच वंगाळ हाय," सुबराव म्हणाले. "कबूल करा की डॉक्टरीणबाई. शिकलेल्या माणसानं चूक मान्य करावी."

सौम्यानं ठकीचं तोंड उघडलं. टाक्यांवर काळपट लगदा बसला होता. "हे काय लावलंय? कुणी लावलं? केव्हा? मला कळलं तरच पुढं काही करता येईल."

नीलमनं सासूकडं पाहिलं, मग सासऱ्यांकडं. "मामा?"

"मला काय ठावं? घरात बायका हाईत. मिश्री कोण लावतंय घरात, इचारा की." आणि त्यांनी बायकोकडं हनुवटी उडवली.

टेबलावर ठकीचं अंग एकदा जोरात आखडलं. नीलमच्या तोंडून आवाज फुटला, शब्द नाही.

यशोदाबाईनं वाकून मांजरीच्या तोंडाचा वास घेतला. मग ती सरळ नवऱ्यापुढं आली, चारचौघांत त्यांच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला, डबी काढली आणि टेबलावर ठेवली.

"ही मिश्री हाय बाई. भाजल्याली तंबाखू. नीलम न्हायला गेल्ती तवाच लावली असणार, सव्वासातला. तासबी न्हाय झाला."

सौम्यानं झाकणावरची अक्षरं वाचली. "सुबराव मुकादम कोण?"

"नाव माझं हाय," सुबराव म्हणाले. "डबी माझी न्हवं."

कंपाउंडर हसू दाबायला कपाटाकडं वळला. सौम्या हसली नाही. तिनं ठकीचं तोंड धुवायला घेतलं, पायाला सलाइन लावलं, सुई टोचली. पाय कापायचे थांबायला दुपार झाली. तोवर नीलम ठकीच्या डोक्यावर बोट ठेवून उभीच होती. सुबराव बाकावर बसून पेंगले.

चार वाजता ठकीनं मान उचलली आणि नीलमचं बोट चाटलं. सौम्या म्हणाली, "औषध चालूच ठेवा. औषधाचा काही दोष नाही."

निघताना यशोदाबाईनं डबी उचलली नाही.

घरी येऊन सुबरावांनी खिसा चाचपला, मग उशी, मग गादी. "माझी डबी कुठाय गं?"

"तुमची डबी?" यशोदाबाई तांदूळ निवडत होती. "तिथं एक ऱ्हायलीया. कुणाची हाय कुणास ठावं. तुमची असली तर जावा, सांगा त्यास्नी, आणि मागून घ्या."

याला आता तीन महिने झाले. ठकी उरलेल्या दातांनी मासळी खाते. सुबराव पारावर बसून औषधाच्या साइड इफेक्टनं मांजर कसं मरता मरता वाचलं ते अजून सांगतात, आणि टपरीवरच्या कागदी पुडीतली मिश्री लावतात. दवाखाना घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. डबी तिथं कपाटावर आहे, नावासकट.