जिवंत दादाच्या श्राद्धाला

पुण्याहून सकाळच्या गाडीत बसले ती डोक्यात राख घालूनच. माझा थोरला भाऊ, निवृत्त शाळामास्तर, सोलापूरपलीकडच्या एका मठात संन्यास घेणार होता. संन्यास घेण्याआधी माणूस स्वतःचं श्राद्ध स्वतःच घालतो. फोनवर म्हणाला, यायचं असेल तर ये. वहिनी गेल्यापासून आम्ही दोघंच उरलोय, आणि हा मला असं सांगतो! तरीही डब्यात भाकरी आणि आईसारखी कुटलेली शेंगाचटणी घेतली. दरवेळी पहिल्या घासाला दादा म्हणतो, "लई दिवसांनी की गं." जेऊर स्टेशन गेलं, बाहेर ज्वारी उभी होती, पण मला कसलं कौतुक!

मठात दोघं मिळून जाऊ म्हणून जुळे सोलापूर भागातल्या त्याच्या फ्लॅटवर रिक्षाने गेले, तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, सर कालच गेले, भांडीसुद्धा वाटून टाकली. मग अक्कलकोटच्या बाजूची एसटी धरली. वाटेत पाट्यांवर मराठीखाली कानडी दिसू लागली.

मठ म्हणजे शेतातल्या चार खोल्या आणि एक कडुनिंब. दादा पिंड मांडून बसला होता. आजोबांचं नाव घेतलं, बाबांचं घेतलं, आणि शेवटच्या पिंडावर स्वतःचं. मी तोंडात पदर कोंबला.

दुपारी त्याला गाठलंच. "तू खरोखर गेलास तर मला कळवणार कोण? संन्याशाचं सुतकसुद्धा धरत नाहीत."

"चिमे, मरणारं होतं ते आज भातात गेलं. नाव, नोकरी, हा देह. हे सगळं बघणारा आहे ना आत, तो कुठून आला नाही, कुठं जाणार? आणि तो तुझ्यात वेगळा, माझ्यात वेगळा, असं नाहीच."

"मला वेदान्त नको. भाऊ हवाय."

 

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंडण झालं, भगवी छाटी आली. पहिली भिक्षा मागायला तो बायकांच्या रांगेसमोर आला. मी सगळ्यांत पुढे, हातात डबा.

"अव्वा, भिक्षा."

अव्वा म्हणजे कानडीत आई, आणि मी त्याच्याहून सहा वर्षांनी धाकटी. भाकरी आणि चटणी वाढली. तोवर तो पुढच्या बाईसमोर उभा. तिलाही अव्वा! माझा अगदी जळफळाट झाला.

मग तो निंबाखाली बसला आणि नियमाप्रमाणे सगळ्यांचं अन्न पाणी घालून एकत्र कालवलं. त्या बाईचं पिठलं, कुणाची खीर, माझी चटणी. मी मान उंचावून बघत होते.

शेजारची बाई म्हणाली, "हुडकू नका बाई. तुमचं कुटलं, माजं कुटलं, आता कळायचं न्हाय."

दादा मात्र चवीने जेवत होता. मला हसूही आलं आणि रडूही. दोन्ही मी आवरलं नाही.

परतीच्या गाडीत समोर एक म्हातारा रिकाम्या हाताने बसला होता. मी उरलेल्या भाकरीचा डबा उघडला आणि तोंडातून आपसूक निघालं, "घ्या, दादा."

त्याने भाकरी मोडली, चटणी लावली, पहिला घास खाल्ला.

"लई दिवसांनी की गं," तो म्हणाला.