कोलंबीच्या लोणच्याचं लेबल

घरासाठी प्रिंटर कुठला घ्यायचा यावर आमच्याकडे जेवढी चर्चा झाली तेवढी आमच्या लग्नाच्या वेळीही झाली नव्हती. लग्नाचा निर्णय वडीलधाऱ्यांनी घेतला होता, म्हणून तो टिकला. प्रिंटरचा मी घेतला.

प्रिंटर हवा होता बायकोला. ती किनाऱ्यावरच्या कोळ्यांची लेक, कोलंबीचं लोणचं खावं तर तिच्याच हातचं. बोईसरमधला एक दुकानदार चव बघून बरण्या ठेवायला तयार झाला होता, आणि त्या बरण्यांवर तिला स्वतःचं नाव छापून हवं होतं. रेशनकार्ड सोडलं तर तिचं नाव कुठं छापलं गेलं नव्हतं, आणि तिथंही ते माझ्या नावाखाली.

प्रिंटरच्या दुकानात विक्रेत्याने दोन यंत्रं मांडली. लेझर महाग, फक्त काळं छापणारा, पावडर भाजून कागदावर बसवणारा. इंकजेट स्वस्त, रंगीत, शाईचे थेंब उडवणारा.

"काळा घ्या," ती म्हणाली. "नाव दिसलं म्हंजे झालं."

"लोणचं विकतेस की तेराव्याची पत्रिका वाटतेस? वर लालभडक कोलंबी पाहिजे!"

विक्रेता हसला. कोणी हसलं की मला चेव येतो.

"तुमी रोज लेबलंच बघता," ती म्हणाली. "तुमाला कळंल."

ते खरं होतं. तारापूरच्या एका कारखान्यात माल पाठवायच्या खात्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. रसायनांच्या पिंपांवर चिकटवायची नवी लेबलं आली की आमचं पहिलं काम ठरलेलं: अंगठा ओला करून अक्षरांवर घासायचा. शाई सुटली, गठ्ठा परत. पावसात पिंपावरचं नाव धुऊन गेलं, तर आत काय आहे ते सांगणार कोण? तोच अंगठा घेऊन मी त्या दुकानात उभा होतो. पण रंगीत नमुना बघितला आणि अंगठ्याचा उपयोग मान डोलवताना हनुवटीला टेकू देण्यापुरताच झाला.

इंकजेट घरी आला. पहिलं लेबल सुंदर निघालं. लाल कोलंबी, खाली तिचं नाव. बरण्या भरून झाल्यावर तिने प्रत्येकीचं तोंड दाराकडे केलं, येणाऱ्याला नाव दिसावं म्हणून. येणारा मीच होतो.

थोड्याच दिवसांत बोईसरच्या दुकानदाराने आम्हा दोघांना बोलावलं. बरण्या फ्रीजमध्ये ठेवलेल्या. बाहेर काढल्या की काचेला घाम येई, आणि कोलंबीचा लाल रंग ओघळून तिच्या नावावर पसरे.

"वहिनी, तुमच्या कोलंबीला अजून रक्त येतंय," तो म्हणाला.

"काचेवर पाणी सुटणारच," मी म्हणालो, जणू फ्रीजचा शोध मीच लावला होता.

"माल एक नंबर हाय. लेबलाचं टेन्शन घेऊ नका, मी माझं लावतो."

ती माझ्याकडे वळली. "लेझर घेऊ या दिवाळीनंतर," मी म्हणालो. ती दिवाळी गेली, दुसरीही गेली. बरण्या आमच्या घरून उघड्याबोडक्या जातात आणि दुकानात त्याच्या नावाच्या होतात. इंकजेटची शाई वाळून तोंड बुजलंय. काही छापायला गेलं की पांढरे पट्टेच जास्त.

परवा सफाळ्याला माझ्या चुलतबहिणीकडे जेवायला गेलो. तिने कौतुकाने फ्रीजमधली बरणी काढली. "वहिनी, हे खाऊन बघा. बोईसरच्या दुकानातलं. घरी कुणाला असं जमायचं नाय!"

मी भातात तोंड घातलं. बायकोने बरणी हातात घेऊन फिरवली. वर काळ्या अक्षरांत दुकानदाराचं नाव. तिने पाण्याच्या पेल्यात अंगठा बुडवला आणि त्या नावावर घासला. एकदा, मग जोर लावून पुन्हा.

"पुसलं जात नाय वो," ती मला म्हणाली, आणि स्वच्छ अंगठा माझ्यासमोर धरला.