जहूरभाईंचा सहावा जोड

पुण्याहून पाहुणे आले की त्यांना वाळवंट दाखवायचं, हा दुबईतल्या मराठी घरांचा कुळाचार आहे. सोन्याचा बाजार, मॉल, उंच इमारत आणि शेवटी वाळू. पहिल्या तिन्हींबद्दल माझी तक्रार नाही. पण तीच वाळू, तोच सूर्यास्त आणि तोच उंट मी चार वर्षांत अकरा वेळा पाहिला. उंट तरी आता मला ओळखत असेल. या अकराही वेळा आमची गाडी जहूरभाईंनी चालवली, आणि मला सांगायचं आहे ते त्यांच्याबद्दल.

जहूरभाई मूळचे बाणकोटचे. पंचेचाळिशीचे, मेंदीने लाल केलेली दाढी, स्टिअरिंगला टेकणारं पोट. अंगात पांढरा कंदुरा, म्हणजे अरबांचा पायघोळ झगा, कारण फोटोत ड्रायव्हर अरब दिसला पाहिजे असा त्यांच्या टूर कंपनीचा हुकूम. राहायला शारजाला. दुपारी तीनला दुबईत, आमच्या अल बर्शाच्या घराच्या दारात उभं राहायचं तर साडेबारालाच घर सोडायचे आणि ट्रॅफिकमध्ये डबा खायचे. पहिल्याच भेटीत मी मराठी बोलतेय म्हटल्यावर त्यांनी मला वैनी करून टाकलं, आणि नवऱ्याला, म्हणजे चारुदत्तला, साहेब.

त्यांचा कार्यक्रम ठरलेला. गाडीत बसताच प्रश्न, "जेवण कमी केलंत ना?" सगळे हो म्हणायचे आणि सगळे खोटं बोलत असायचे. डांबरी रस्ता संपला की उतरून चारही टायरांतली हवा कमी करायची. हवेचं मीटर डॅशबोर्डवर पडून असायचं, जहूरभाई मात्र व्हॉल्व्हमध्ये किल्ली खुपसून नुसत्या आवाजावरून ओळखायचे. मग पंचवीस मिनिटं गाडी टेकडीवरून आडवी, उभी, तिरकी घसरत जायची. मागचा पाहुणा पिवळा पडला की हात मागे करून प्लास्टिकची पिशवी द्यायचे, तीही गाणं न थांबवता. मग सूर्यास्ताला थांबायचं. मग तंबूंचा कॅम्प, कडू कॉफी, खजूर, मेंदी, उंट, नाच, कबाब. शेवटी कॅम्पचे सगळे दिवे पाच मिनिटं बंद, चांदण्या बघायला. दिवे लागले की गाडीत बसायचं आणि घरी.

सन दोन हजार आठपर्यंत हे असंच चाललं. मग मंदी आली. पाहुणे यायचे थांबले, उलट इथलेच लोक जायला लागले. आमच्या इमारतीच्या तळघरात एकेक गाडी धूळ खात उभी राहिली. मालक कर्ज थकवून, विमानतळावरून फोनही न करता गेलेले. काचेवरच्या धुळीत कोणीतरी बोटाने तारखा लिहायचं. मी भाजी घेऊन येताना त्या गाड्यांच्या रांगेतून चालायचे, तेव्हा आत कोणी बसलंय असं उगाच वाटायचं आणि मी पाय उचलायचे.

पुढे दोन हजार नऊच्या नोव्हेंबरात माझी मावशी आली, म्हणून वर्षभराने जहूरभाईंना फोन केला. आले ते दुसरेच कोणी वाटले. गाणी बंद. दाढीची मेंदी उतरून पांढरं दिसत होतं. आणि एक नवा नियम. सूर्यास्ताला थांबल्यावर सगळ्यांनी पायातलं काढून गाडीच्या डिकीत, एका लांब ट्रेमध्ये ओळीने ठेवायचं. पुढे कॅम्पमध्ये अनवाणी. परत निघताना आपापला जोड उचलायचा, मगच गाडीत बसायचं. मला वाटलं, गाडी स्वच्छ ठेवायची म्हातारी खोड लागलीय.

त्या ओळीच्या शेवटी एक जोड आधीपासूनच होता. काळे, लेसचे, ऑफिसचे बूट. इतके चकचकीत पॉलिश केलेले की त्यात डिकीचा दिवा दिसत होता.

"हे कोणाचे?"

"एका साहेबांचे राहिलेत, वैनी. येतील न्यायला."

मागच्या सीटवरची एक जागाही ते रिकामी ठेवत. गाडीत सहा पाहुणे मावतात, ते पाचच घेत. मंदी आहे, मिळत नसतील, असं मी धरून चालले. जानेवारीत पुन्हा गेलो तेव्हाही बूट तिथेच. तसेच चकचकीत. परतताना त्या रिकाम्या जागेकडे पाठ करून बसणं मला जमेना.

आणि मग मार्च दोन हजार दहा.

चारुदत्तचा मोठा भाऊ प्रल्हाद आणि जाऊबाई अपर्णा पुण्याहून आले. ते यायच्या आठ दिवस आधी चारुच्या ऑफिसातल्या एकाची बायको मला सुपरमार्केटमध्ये भेटली आणि म्हणाली, "तुमचं पुढे काय ठरलं?" मला काही कळेना. तिचा चेहरा पडला. चारुला काढून दोन आठवडे झाले होते. व्हिसा रद्द झाला की तीस दिवसांत देश सोडायचा असतो, त्यातले चौदा संपले होते. आणि हा माणूस रोज सकाळी सातला काळे बूट घालून "ऑफिसला" जात होता. मी एकदा मागे गेले. जवळच्या मॉलमध्ये कारंज्यापाशी बसला होता, बॅग मांडीवर, नजर कुठेच नाही. मी तशीच परत फिरले. त्याला सांगितलं नाही की मला माहीत आहे. चिडले होते म्हणून, आणि भ्यायले होते म्हणूनही. त्याचं जेवण, झोप, बोलणं सगळं बंद होत चाललं होतं. दिवसेंदिवस तो घरातल्या घरात पुसट होत होता, आणि मी पाहुण्यांना श्रीखंड वाढत होते.

पाहुण्यांना वाळवंट दाखवायचं ठरलं त्या गुरुवारी तो "ऑफिसातून थेट" आला, त्याच काळ्या बुटांत. प्रल्हादभावजींनी वाटेत तिकिटाचा हिशेब मोठ्याने केला, "दोनशे दिरहम, म्हणजे अडीच हजार! एका माणसाचे!" आमची आठ वर्षांची ईशानी म्हणाली, "मॉम, आय ॲम गोइंग टु थ्रो अप," आणि तिला उलटी झालीही. सूर्य बुडाला. पाच जोड ओळीत लागले. सहावा होताच. दोन काळे जोड शेजारी शेजारी, एक पॉलिश केलेला, एक धुळीचा. जहूरभाईंनी चारुकडे एकदा नीट पाहिलं आणि डिकी बंद केली.

कॅम्पमध्ये शंभर माणसांच्या गाद्या मांडलेल्या, आलेली माणसं वीस-बावीस. नाचणारी मुलगी रिकाम्या लोडांकडे बघून हसत होती. मेंदीवाली मैमुनाबी कोणी हात पुढे करेना म्हणून स्वतःच्याच तळव्यावर काढत बसली होती. आठ वाजता दिवे गेले. जनरेटर थांबला की वाळवंटात जी शांतता होते ती कानांवर दाबल्यासारखी असते. चारु माझ्या डाव्या हाताला होता. मी हात पुढे केला, गादी लागली. म्हटलं, सरकला असेल.

दिवे लागले. चारु नव्हता.

बाथरूमला गेला असेल म्हणत आम्ही गाडीपाशी आलो. एकेकाने जोड उचलला. जहूरभाई डिकीपाशी उभे राहून ओठांतल्या ओठांत मोजत होते. ओळीत दोन जोड राहिले. दोन्ही काळे.

"साहेब?" त्यांनी मला विचारलं.

"येतोय मागून."

"येत नाहीत, वैनी." त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "गेल्या वर्षी फेब्रुवारीत असाच एक साहेब आला होता. एकटाच. म्हणाला, पाच वर्षं राहिलो, जायच्या आधी एकदा बघून घेतो. परत निघताना मी डोकी मोजली. सहा होती, बरोबर सहा. यल्ला म्हटलं, निघालो. दुबईत उजेडात बघतो तर सहावा दुसऱ्याच गाडीचा पाहुणा, अंधारात चुकून माझ्या गाडीत बसलेला. आणि माझा साहेब इकडेच. पोलीस आले, तीन दिवस शोधलं. वारा सुटला होता, पावलंसुद्धा मिळाली नाहीत. बूट तेवढे मिळाले, कॅम्पच्या कुंपणाशी, शेजारी शेजारी काढून ठेवलेले. डोकी चुकतात, वैनी. बूट चुकत नाहीत."

"त्याची नोकरी गेलीय," मी म्हणाले. कोणालाही पहिल्यांदाच. "तो सांगत नाहीये."

"असेल इथेच, सिगरेट ओढत," प्रल्हादभावजी म्हणाले. चारुने आयुष्यात सिगरेट ओढलेली नाही. जहूरभाईंनी त्यांना ईशानी आणि अपर्णावहिनींबरोबर गाडीत बसवलं, कॅम्पवाल्यांना ओरडून सगळ्या गाड्यांचे दिवे वाळूकडे वळवायला लावले आणि टॉर्च घेऊन निघाले. मी मागे.

कुंपणाच्या पलीकडे अनवाणी पावलं सापडली. चारुचा उजवा पाय जरा बाहेर पडतो, मी ती लगेच ओळखली. एकट्याची पावलं, सरळ, अंधाराच्या दिशेने. पहिली टेकडी चढली, उतरली. मागचे दिवे टेकडीआड गेले. दुसऱ्या टेकडीच्या पायथ्याशी जहूरभाई थबकले आणि त्यांनी टॉर्च खाली धरला.

तिथून पावलं दोघांची होती. दुसरी पावलं कुठून आली ते दिसेना. ना उजवीकडून, ना डावीकडून. मध्येच सुरू झाली होती आणि चारुच्या पावलांना लागून चालली होती. तीही अनवाणी. जहूरभाई काहीतरी पुटपुटू लागले, बहुधा दुआ. मी त्यांच्या पुढे होऊन टेकडी चढू लागले.

टेकडीच्या माथ्यावर तो बसला होता, आमच्याकडे पाठ करून. टॉर्चचा उजेड पडला तरी वळला नाही. मी धावत जाऊन त्याचे खांदे धरले. गार पडले होते, पण तो होता. मी त्याला पाठीत एक सणसणीत धपाटा घातला आणि मग रडले.

"मी जाणारच होतो पुढे," तो म्हणाला, अगदी शांतपणे. "यांनी बसवून ठेवलं."

"कोणी?"

त्याने शेजारी हात केला. शेजारी कोणी नव्हतं. वाळू मात्र दबलेली होती, माणूस बसल्यावर दबते तशी, आणि कडेने हळूहळू भरत होती. वारा अजिबात नव्हता.

"एक जण होते. मराठीच बोलत होते. म्हणाले, थांबा, तुमचा गाडीवाला तुम्हाला न्यायला येईल, तो हल्ली नीट मोजतो." चारुने जहूरभाईंकडे पाहिलं. "आणि त्यांनी विचारलं, मलाही मोजतो का?"

जहूरभाई खाली बसले. टॉर्च हातातून सुटून वाळूत पडला. मग त्या लाल-पांढऱ्या दाढीच्या माणसाने समोरच्या अंधाराकडे तोंड केलं आणि तो मोठ्याने ओरडला, "मोजतो, साहेब! रोज मोजतो! गाडीत तुमची जागा ठेवलीय, साहेब!"

उत्तर आलं नाही. येईल अशी मला मात्र खात्री वाटत होती, आणि ते येऊ नये म्हणून मी चारुचा हात दाबून धरला होता.

परत येऊन चारुने त्याचे बूट उचलले. घातले नाहीत, मांडीवर घेऊन बसला. मी त्याच्या कानात म्हणाले, "ऑफिस नाहीये, ते मला माहीत आहे. उद्या सातला उठायचं नाही." त्याने मान डोलावली. जहूरभाईंनी आरशात पाहिलं आणि मोजलं, "एक, दोन, तीन, चार, पाच." थोडं थांबले. "सहा." मग गाडी सुरू केली.

त्यानंतर रोज संध्याकाळी साडेसातला फोन यायचा. "वैनी, साहेब?" मी म्हणायचे, "आहेत." "खलास," म्हणायचे, अरबीत "झालं तर" या अर्थाने, आणि ठेवायचे. आमचे उरलेले दिवस असेच गेले. सामान विकलं, ईशानीचा शाळेचा दाखला काढला, चारु थोडं थोडं जेवायला लागला. रोज त्या फोनची वाट मीच बघायचे.

विमानतळावर सोडायला जहूरभाईच आले. बॅगा काढायला मी डिकी उघडली. ट्रे रिकामा होता.

"बूट?"

"त्या ट्रिपच्या दुसऱ्या दिवशी पॉलिशचा डबा घेऊन बसलो, तर नव्हते. साहेबांनी चुकून दोन्ही जोड नेले नाहीत ना? खरं सांगा."

चारुच्या पायात त्याचे एकच होते. घरी दुसरे नव्हते, सगळं घर मी स्वतःच रिकामं केलं होतं. मी नाही अशी मान हलवली. जहूरभाईंनी डिकी बंद केली.

"मग आता मोजायचं थांबवा, जहूरभाई. नेले त्यांनी."

"बूट नेले, वैनी. माणूस कुठे उतरला ते नाही सांगितलं."

दाराशी त्यांनी आम्हाला मोजलं. ईशानीच्या डोक्यावर हात ठेवून एक, मी दोन, आणि चारुच्या खांद्यावर हात ठेवून, तो जरा जास्त वेळ तिथेच राहू देऊन, तीन. मग गाडीत जाऊन बसले. काच वर होती. निघण्याआधी त्यांनी आरशात मागच्या सीटकडे पाहिलं, आणि त्यांचे ओठ हलले. आवाज आला नाही, पण आकडा मला कळला, सहा. मागे हॉर्न वाजत होते. तो मोजून झाल्याशिवाय त्यांनी गाडी हलवली नाही.