रूटचा पासवर्ड आणि गुरुजींचा ऊस

"तारीख बदलत नाही," मी तात्यांना तिसऱ्यांदा सांगितलं आणि खुर्चीत अशी ताठ बसले, जणू हरिश्चंद्राच्या घराण्यातली शेवटची सून मीच.

तात्या म्हणजे आमच्या साखर कारखान्याचे एक संचालक. मी कॉम्प्युटर विभागाची प्रमुख. विभाग म्हणजे मी, एक मशीन, एक कर्कश प्रिंटर आणि ऑफिसातला एकुलता एक एसी. काळ नव्वदच्या दशकाचा शेवट, तालुका इंदापूर. परवा नातीनं विचारलं, लिनक्स शिकण्यात वेळ घालवू का, म्हणून हे सगळं आठवलं.

ऊस तोडायची एक रीत असते. लागणीची, म्हणजे ऊस लावल्याची, तारीख कारखान्यात नोंदवायची. ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी. कागदावर फार सुंदर रीत. प्रत्यक्षात दर हंगामात कुणीतरी एसीत येऊन बसायचं, चहा घ्यायचं, आणि कुणाच्या तरी मेव्हण्याची लागण सप्टेंबरातून जुलैत सरकायची. डॉसवरच्या आमच्या जुन्या प्रोग्रामला कुलूप नव्हतं. आणि तारीख सरकवणारी बोटं माझीच. "साहेबांनी सांगितलंय" म्हटलं की ती आपोआप चालायची.

मागच्या हंगामात ह्याच बोटांनी कांबळे गुरुजींचा ऊस मागं ढकलला होता. भिगवणकडच्या त्यांच्या गावात तोडणीची टोळी एकच. तिनं तात्यांच्या मेव्हण्याचा मोठा प्लॉट आधी घेतला, गुरुजी मार्चपर्यंत थांबले. उसाला तुरे आले, कांडी पोकळ पडली, वजन घटलं. गुरुजी ऑफिसात आले, पण भांडले नाहीत. निवृत्त शिक्षक. एवढंच विचारलं, "मॅडम, नंबर कॉम्प्युटरच लावतो ना?" मी बेधडक हो म्हटलं.

त्याच उन्हाळ्यात बारामतीच्या स्टँडवर घेतलेल्या मासिकाबरोबर लिनक्सची सीडी फुकट मिळाली. लिनक्स म्हणजे डॉससारखीच मशीन चालवणारी प्रणाली, पण फुकट आणि आतून सगळी उघडी. कुणीही वाचा, कुणीही सुधारा. तिच्यात प्रत्येक माणसाला वेगळा पासवर्ड, आणि कुठली फाइल कुणी बघायची, कुणी बदलायची, ह्याचे नियम. सगळ्यांच्या वर एक मालक. त्याला रूट म्हणतात.

गुरुजींसाठी शिकले, असं सांगायला मला आवडलं असतं. खरं कारण असं, की मशीन विकणारा पुण्याचा इंजिनिअर म्हणाला होता, "मॅडम, हे तुमच्यासाठी नाही." झालं. कारखाना बंद होता ते तीन महिने मी सीडीला चिकटले. दोनदा अख्खं मशीन पुसलं. नोंदी फ्लॉपीवर होत्या म्हणून नोकरी राहिली. घरी रोज पिठलं-भात. फुकटची वस्तू फार महाग पडायला लागलीय, असं नवरा म्हणायला लागला.

जनरल मॅनेजरांनी मात्र नेमकं विचारलं. "फुकट आहे, तर बिघडल्यावर शिव्या कुणाला घालायच्या?"

"मला."

"त्या आत्ताही घालतोच. करा."

नव्या हंगामाच्या लागणीच्या नोंदी पूर्ण झाल्यावर मी त्या फाइलचा मालक रूटला केलं. माझ्या रोजच्या लॉगिनला फक्त वाचायची आणि छापायची परवानगी. रूटला असा पासवर्ड दिला की कुणाच्या बापाला ओळखता येऊ नये. मग दिवाळी आली, चकल्या झाल्या, पाहुणे झाले. परत येऊन बसले तर पासवर्ड डोक्यातून साफ गेलेला. लिहून ठेवू नका, असं मासिकात होतं. अख्ख्या मासिकातलं तेवढंच मी तंतोतंत पाळलं होतं.

यादी छापता येत होती, म्हणून गप्प बसले. आणि मेव्हण्याची लागण जुलैत सरकवायला तात्या आले.

"बदलत न्हाय, का तुमी बदलत न्हाय?"

"सिस्टिम परवानगी देत नाही, तात्या."

"मग त्या सिस्टिमच्या सायबाला फोन लावा की."

"तिला साहेब नाही. जगभरच्या लोकांनी मिळून केलीय ती."

तात्या जरा विचारात पडले. "म्हंजी सहकारीच हाय. मग चेअरमन कोन?"

चेअरमनच नाही म्हटल्यावर ते उठले आणि जाता जाता, तुमाला वजनकाट्यावर पाठवतो, म्हणाले. पण कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुखबाई पासवर्ड विसरल्या, हे कबूल करायची लाज वजनकाट्याच्या भीतीपेक्षा मोठी निघाली. जनरल मॅनेजरांनी बोलावलं तेव्हाही, सिस्टिम परवानगी देत नाही, हेच मी म्हटलं. त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "बरं झालं. तात्यांना सांगायला मलाही एक कारण मिळालं."

गुरुजींचा ऊस डिसेंबरात, नंबरानं तुटला. ते मुद्दाम भेटायला आले आणि तुमच्यासारखी खंबीर माणसं आहेत म्हणून चाललंय, असं म्हणाले. मी मान खाली घालून ते सगळं कौतुक गिळलं.

हंगाम संपल्यावर एका पुस्तकात वाचलं, की मशीन चालू होताना एक शब्द टाइप केला तर ते पासवर्ड न विचारताच रूटचा दरवाजा उघडतं. तेही राहू दे, फाइलची कॉपी काढून तीत हवी ती तारीख घातली असती तरी चाललं असतं. दोन्ही मला तेव्हा माहीत नव्हतं. असतं, तर तात्यांच्या दुसऱ्या चहाला तारीख जुलैत गेली असती. मी मला ओळखते.

तेव्हा शिकावं का? शिकावं. माझे तीन महिने वसूल झाले. फक्त अर्धवट शिकण्याचा फायदा एकाच हंगामापुरता असतो. पुढच्या वर्षी तात्या आले तेव्हा तो शब्द मला येत होता. त्या दिवशी "बदलत नाही" म्हणताना मात्र घाम फुटला, कारण आता नाही म्हणणारी मी होते.