भोंगा बंद पडला तेव्हा

थांबा थांबा, हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय, परत लाइट जायच्या आत.

मघाशी मी दुसरंच काहीतरी टाइप करत होते आणि कॉलेजच्या लॅबमधले सगळे कॉम्प्युटर गपकन बंद पडले. पंखे बंद. मुलींचा एकच गलका, "अरे यार, सेव नथी कर्युं!" माझंही गेलं सगळं. पण मी ओरडले नाही. मी कधी उठले, कधी दारापर्यंत गेले, मला कळलंच नाही. लॅबच्या दाराबाहेर चपला काढायच्या असतात ना, त्या मी पायात घातलेल्या होत्या आणि बाहेर बघत उभी होते, काय झालं म्हणून. मैत्रिणी हसायला लागल्या. "काय गं, पळतेस कुठे?"

आणि मला डुमसच्या समुद्रावरचा तो दिवस आठवला. म्हणून ते आधीचं राहू दे, हे लिहिते.

आमचं घर सुरतेत, उधन्यात. एक खोली, आणि भिंतीच्या पलीकडे लूमचं, म्हणजे यंत्रमागांचं, खातं. खातं म्हणजे कारखाना, सुरतेत खातंच म्हणतात. आमचे आप्पा त्याच खात्यात कारीगर. खटाखट खटाखट, दिवसरात्र. जळगावहून पाहुणे आले की पहिल्याच रात्री उठून बसायचे. "तुम्ही झोपता तरी कसे?" आम्हाला प्रश्नच कळायचा नाही. खरंच सांगते, चालू लूम आम्हाला ऐकूच यायचे नाहीत. ऐकू यायचं ते बंद पडलेलं खातं. पॉवर गेली आणि खटाखट थांबली की आख्खी गल्ली दारात! भांडी घासणारी काकू राखेच्या हातांनी बाहेर, दाढी करणारे काका अर्ध्या फेसाने बाहेर. सगळ्यांचं एकच, "काय झालं?"

तर अशा घरात मला वेड होतं वायरींचं. आणि आप्पांचा घरात एकच कायदा होता. वायरीला हात लावायचा नाही. त्यांच्या शेजारच्या मशीनवरचा माणूस त्यांच्या डोळ्यांदेखत वायरीला चिकटला होता. वाचला, पण परत कामाला आला नाही. त्यामुळे बल्ब बदलायलासुद्धा आप्पा आधी रबरी चपला घालायचे, मग स्टुलावर चढायचे. आणि मी नुसती जवळ जाऊन उभी राहिले तरी, "वायरले हात लावशी ते बोटं तोडी टाकसू!" कधी तोडली नाहीत. पण आवाज असा लावायचे की हात आपोआप पाठीमागे.

मी दहावीत होते. आमच्या मराठी शाळेत विज्ञानाच्या सरांनी सांगितलं की दहावीनंतर पॉलिटेक्निक असतं, तिथे इलेक्ट्रॉनिक्स शिकवतात, मुलींनाही घेतात. मुलींनाही! मी दोन दिवस हवेत. घरी सांगितलं तर आप्पा जेवता जेवता थांबले. "म्हणजे दिवसभर वायरीच?" मी म्हटलं, हो. "कॉमर्स घे. जवळ आहे. पाय घसरला तर वहीवरच पडशील." आईने माझ्याकडे बघितलं आणि भाकरी उलटली. विषय संपला.

माझी एक मैत्रीण होती, बँकेच्या कॉलनीत राहायची, वडील बँकेत. तिच्याकडे सायन्स घ्यायचं का हे कधी कुणी विचारलंही नव्हतं, जसं सकाळी दात घासायचे का हे विचारत नाहीत तसं. ती म्हणाली, "विज्ञान मेळ्यात आपण काहीतरी भारी करू. नंबर आला की तुझे आप्पा कसे नाही म्हणतील?" मला एकदम पटलं. त्या वर्षी मेळ्याचा विषय होता समुद्र आणि सुरक्षा.

आम्ही जे बनवलं ते ऐकायला सोपं आहे. एक बांबू. बांबूला घोट्याच्या उंचीवर दोन पितळी स्क्रू. वर डब्यात बॅटरी आणि बझर. भरतीचं पाणी दोन्ही स्क्रूंना टेकलं की सर्किट पुरं होतं आणि बझर केकाटतो. माणसं पळतात, वाचतात, आम्हाला बक्षीस! सगळं मैत्रिणीच्या घरी, तिच्या जेवणाच्या टेबलावर. आमच्या घरी कुणाला पत्ता नाही. म्हणजे आईला होता बहुतेक. माझ्या ओढणीला सोल्डरिंगचा वास येतो, असं ती एकदा म्हणाली होती आणि मग ओढणी स्वतःच धुवायला घेतली होती.

एका रविवारी सर आम्हाला डुमसला घेऊन गेले. ओहोटी होती. पाणी इतकं लांब की समुद्र कुणी उचलून नेलाय असं वाटावं. आम्ही दोघी समुद्राकडे तोंड करून, आता येईल मग येईल, बांबू तयार. सर म्हणाले, "मागे बघा." मागे? मागे तर किनारा! बघितलं तर आमच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये वाळूत एक लांबट चर होता, येताना आम्ही तो कोरड्या पायांनी ओलांडला होता, आणि आता त्यात पाणी सरकत होतं. आवाज नाही, लाट नाही. समुद्र समोरून यायच्या आधी बाजूने वळसा घालून पाठीमागे येतो. बांबू आम्ही त्या चरात रोवला. थोड्या वेळाने केकाटला! भजीच्या गाडीवरचे लोकसुद्धा वळून बघायला लागले. आम्ही नाचलो अक्षरशः.

घरी आल्यावर मी आप्पांना चराचं सांगितलं, बांबूचं गाळून. ते हसले. "आपण तापीकाठची माणसं. आपल्याला पाणी शिकवतेस?" तेही बरोबरच होतं ना. गावी तापी, इथेही तापी. पण नदीचं पाणी वरून येतं, दिसत येतं, एकेक पायरी चढत येतं. तुम्ही बघत बघत मागे सरकता. मागून येणारं पाणी आमच्या लोकांनी कुठे पाहिलेलं?

मग आला गणपती.

आमच्या गल्लीचं मंडळ विसर्जनाला डुमसला जायचं, तेही सकाळीच, कारण संध्याकाळच्या पाळीला खात्यात हजर व्हायचं असायचं. टेम्पोत बाप्पा, टेम्पोच्या टपावर भोंगा, आणि भोंग्याची जबाबदारी आप्पांची. सरांनी मला बजावलं होतं, उद्या पौर्णिमा, आज भरती मोठी असणार. मी आप्पांना सांगितलं. आप्पांनी डुमसला उतरून समुद्राकडे हात केला. "ते बघ कुठे आहे पाणी! एवढं लांब असल्यावर कसली भीती?"

लांब होतं म्हणूनच तर ते सगळे लांब गेले. आमच्यात विसर्जन झालं की त्या जागेची मूठभर वाळू पाटावर घेऊन परत यायची पद्धत आहे. आमच्या गल्लीत ती वाळू घरोघर वाटतात आणि बाया चिमूटभर धान्याच्या डब्यात टाकतात. आप्पांचं म्हणणं असं की वाळू बाप्पा जिथे टेकले तिथलीच पाहिजे, अलीकडची चालत नाही. म्हणून सगळे पुरुष चर ओलांडून, ओली वाळू तुडवत, कमरेएवढं पाणी लागेपर्यंत गेले. बाया-मुलं टेम्पोपाशी. मैत्रीण खास आमच्यासोबत आली होती, डबा पिशवीत लपवून. आम्ही दोघींनी बांबू चरात रोवला आणि बाजूला उभ्या राहिलो.

बाप्पा बुडाले. टेम्पोवरच्या भोंग्यावर आरतीचं रेकॉर्डिंग चालूच. पुरुष तिथेच घुटमळत होते, वाळू काढायची, पाट धुवायचा, एकमेकांवर पाणी उडवायचं. आणि आमचा बझर वाजला.

टीं टीं टीं टीं. एकदम झकास वाजला! सर्किट बरोबर, स्क्रू बरोबर, सगळं बरोबर. आणि आमच्या दोघींशिवाय कुणालाही ऐकू आला नाही. भोंगा इतका मोठा होता की बझर म्हणजे लूमच्या खात्यात डास. आम्ही हात हलवून ओरडलो, "परत या! पाणी!" तर तिकडून सगळ्यांनी हात वर केले आणि ओरडले, "मोरया!" आम्ही अजून जोरात, "अहो मागे बघा!" ते अजून जोरात, "मोरया!" आप्पासुद्धा. हसत होते आप्पा. आणि चरातलं पाणी माझ्या पोटऱ्यांपर्यंत आलं होतं.

मैत्रीण रडायला लागली. मी पळाले. त्यांच्याकडे नाही, उलट दिशेला, टेम्पोकडे. का ते मला तेव्हा सांगता आलं नसतं, आता सांगता येतं. माझे पाय उधन्याचे होते, आवाज थांबला की माणसं धावत येतात हे त्यांना माहीत होतं. टेम्पोवाला भजी खायला गेलेला. भोंगा टेम्पोच्या बॅटरीवर लावलेला होता. मी ओल्या अनवाणी पायांनी वाळूत उभी राहिले आणि बॅटरीवरचा चिमटा खेचून काढला.

आरती अर्ध्यात थांबली.

काय शांतता झाली सांगू! आणि समुद्रातले सगळेच्या सगळे लूमवाले एकदम वळले. पाण्यात उभ्या एका काकांचा आवाज स्पष्ट ऐकू आला, "लाइट गई का?" समुद्रात लाइट! पण ते निघाले. सगळे निघाले, काय झालं बघायला, जसे रोज दारात येतात तसे. सगळ्यांच्या पुढे आप्पा, भोंगा त्यांचा ना. रागाने झपाझप. चर त्यांना गुडघ्याएवढा लागला, आणि तिथे ते थांबले, खाली बघितलं, मागे बघितलं आणि ओरडले, "लवकर या रे! पळा!" शेवटच्या काकांना चर कमरेच्या वर लागला, दोघांनी हात धरून ओढलं. वाळूचा जो पट्टा तुडवत गेले होते तो थोड्या वेळाने दिसेनासाच झाला.

आप्पा माझ्यासमोर येऊन उभे राहिले. हातात रिकामा पाट. त्यांनी माझ्या हातातला चिमटा बघितला, मग माझे पाय बघितले.

"ओल्या पायांनी वायरीला हात लावलास?"

एवढं सगळं झालं आणि हे! मला रडूच आलं. "आप्पा, ही बॅटरीची वायर आहे. बारा व्होल्ट. हिचा शॉक लागत नाही."

"तुले कोनी सांगं?"

"पुस्तकात आहे."

"मंग घरनी वायर?"

"तिचा लागतो."

"दोन्ही वायरीच. मंग फरक कसा समजस?"

"शिकल्यावर," मी म्हटलं.

आप्पा खाली वाकले, मी उभी होते तिथली, टेम्पोच्या चाकाजवळची मूठभर वाळू उचलली आणि पाटावर ठेवली. अलीकडची वाळू! कुणीतरी म्हणालं, "अहो, ही चालते का?" आप्पा म्हणाले, "चालस." त्या वर्षी गल्लीतल्या सगळ्या डब्यांत तीच वाळू गेली.

मग आम्ही आमचं यंत्र बदललं. बझर काढून टाकला. पाणी स्क्रूंना टेकलं की भोंग्याचं बॅटरीशी कनेक्शन तुटेल आणि भोंगा गप्प होईल, असं केलं. सरांनी त्यासाठी भंगार बाजारातून रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारा स्विच, आणून दिला. मी तेव्हा खूप विचार करायचे यावर, अजूनही करते. मला वाटायचं इशारा म्हणजे मोठा आवाज. पण आवाजात राहणाऱ्या माणसांना आवाजाने कसं उठवणार? आम्ही पाण्याचा अभ्यास केला, सर्किटचा केला, माणसांचा केलाच नव्हता. आणि ती माणसं तर माझ्याच घरातली होती.

मेळ्यात परीक्षक म्हणाले, "धोका असताना यंत्र बंद पडतं? हे उलटं नाही का?" आम्ही समजावलं. लूमचं सांगितलं, "लाइट गई का"चंही सांगितलं. ते हसले, पुढे गेले. नंबर आला समुद्रातल्या ज्वालामुखीच्या मॉडेलचा. म्हणजे आमचा प्लॅन पडलाच, नंबर नाही तर आप्पांना दाखवणार काय? मी घरी येऊन गप्प बसले. आप्पांनी विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं. ते म्हणाले, "त्यांनी खातं पाहिलं नसेल," आणि पाळीला निघून गेले. पॉलिटेक्निकचं नाव त्यांनीही काढलं नाही, मीही नाही. वाळूचं ते "चालस" मी कितीदा मनात घोळवलं असेल, पण त्याचा अर्थ मला हवा तोच आहे का, हे विचारायची हिंमत नव्हती.

दहावीचा निकाल लागला त्या संध्याकाळी आप्पा बाजारातून एक पुडकं घेऊन आले आणि माझ्यासमोर ठेवलं. रबरी चपला. जाड तळाच्या, काळ्या, मुलींच्या अजिबात नाहीत, एक माप मोठ्या.

"वायरीला हात लावताना आधी या घालायच्या," ते म्हणाले. "मग काय ते शीक."

आई चुलीकडे तोंड करून हसत होती, पाठीवरून कळत होतं.

त्याच चपला आज पॉलिटेक्निकच्या लॅबच्या दाराबाहेर होत्या. मापात आल्यात आता. मघाशी लाइट गेली आणि मी त्या घालून दारात उभी होते, आणि मला खात्री आहे, तिकडे उधन्यातही लाइट गेली असेल तर आप्पा त्याच क्षणी दारात उभे असणार, काय झालं म्हणून.

लाइट अजून आहे. सेव केलं. आता तुम्ही सांगा ना, तुमच्या घरात कुणी असं कधी तोंडाने हो न म्हणता हो म्हटलंय का? आणि तुम्हाला ते लगेच कळलं होतं, का माझ्यासारखं पुडकं उघडेपर्यंत थांबावं लागलं?