कुबडीतला गल्ला

कारखान्यात त्याला सगळे मिलीमीटर म्हणत. लेथवर त्याने काढलेला भाग दुसऱ्या कुणी मोजून बघण्याची पद्धत नव्हती. मग एके दिवशी लोखंडी गजांची थप्पी कोसळली आणि डावा पाय गुडघ्यापासून गेला. उरला तो अपंगांना मिळणारा भत्ता आणि ताईच्या घरातली खिडकीजवळची कॉट.

ताई एका शिंप्यासाठी घरी बसून हाताने काजं करायची. दिवस कलला की ती न बोलता सुई-दोरा त्याच्यापुढे धरी. तो एका फटक्यात दोरा ओवून देई.

"चष्मा बदल की आता."

"बघू पुढच्या महिन्यात."

तो पुढचा महिना तीन वर्षं झाली तरी उजाडला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी भत्ता वाढला. पत्र आलं तेव्हा ताई माल पोचवायला गेली होती. संध्याकाळी सांगू, असं म्हणून त्याने ते उशीखाली ठेवलं. संध्याकाळी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सांगणं आणखी अवघड झालं, आणि महिनाअखेरीस त्याने ताईच्या हातावर पूर्वीचीच रक्कम ठेवली. वरची वाढ डाव्या कुबडीत गेली. कुबडीची नळी पोकळ होती. खालचं रबर काढून त्याने आत लाकडाचं बूच बसवलं होतं, काचकागदाने घासून इतकं नेमकं, की पकडीशिवाय निघू नये आणि चालताना आत काही खुळखुळू नये. त्या बुचाचा त्याला मनातून अभिमानही होता.

त्याला एक खोली भाड्याने घ्यायची होती. बावन्नाव्या वर्षी अंगाचा साबण संपला हेही बहिणीला सांगावं लागे. एरवी त्याला आपलं बरोबर वाटे. पण ताई भाजीचा मोठा वाटा त्याच्या ताटात लोटी, तेव्हा त्याची मान वर होत नसे.

या वर्षी भत्त्याच्या कचेरीतून तपासणीला बोलावणं आलं. ताई बरोबर गेली. खिडकीमागच्या कारकुनाने कागद पाहिले, शिक्का मारला आणि नव्या कुबड्यांची जोडी पुढे सरकवली.

"जुन्या जमा करा."

"जुन्याच बऱ्या आहेत," तो म्हणाला.

"बऱ्या कसल्या? दोनदा घसरलाय हा, साहेब," ताई म्हणाली. "घेऊन टाका त्या."

शिपायाने त्याच्या काखेतल्या कुबड्या काढून नव्या दिल्या. जुन्या घेऊन तो कोपऱ्यातल्या ढिगाकडे निघालासुद्धा. बावीस महिने साठवलेली खोली शिपायाच्या हातात चालली होती.

"थांबा. डावीत माझं काहीतरी आहे."

"काय?"

"पैसे."

रांगेत कुणीतरी हसलं. शिपायाने खालचं रबर काढून बूच ओढून पाहिलं, कुबडी पायात धरून पाहिलं. "काका, सिमेंट भरलंय का काय?" शेवटी दिवे दुरुस्त करणाऱ्याकडून पकड आणली. वीसेक माणसं माना उंचावून बघत होती. बूच निघालं आणि नोटांच्या गुंडाळ्या एकामागून एक खिडकीच्या फळीवर पडल्या.

ताईचा चेहरा उजळला. "बघा!" ती मागच्या बाईला म्हणाली. "पोटाला चिमटा काढून साठवलेत. आणि मी म्हणायची, याच्या हाताला भोक आहे." ती बोलतच राहिली. तिने गप्प बसावं म्हणून त्याने तिची बाही ओढली, तर तिने त्याच्याच पाठीवर थाप मारली.

कारकून भला माणूस होता. "छान केलंत, काका. दोन वर्षांपूर्वी वाढ मिळाली ती बहुतेकांनी उडवली. तुम्ही तेवढी बाजूला टाकलीत वाटतं?"

ताईचा हात पाठीवरच थांबला.

"कसली वाढ?"

"त्यांना माहितीये की. घरी पत्र आलं असेल."

गुंडाळ्या रुमालात बांधून तिने त्याच्या खिशात घातल्या. एरवी ती त्याच्या डाव्या बाजूला, अर्धं पाऊल मागे चालायची. आज पुढे चालली. प्रत्येक वळणावर मात्र थांबायची. मागे वळून बघायची नाही. नव्या कुबड्यांची टकटक जवळ आली की पुन्हा निघायची.

घरी आल्यावर तो म्हणाला, "खोली घ्यायची होती. तुझ्यावर भार नको म्हणून."

"भार झाला असतास तर मी सांगितलं असतं. मला जीभ आहे."

त्याने रुमाल तिच्या शिवणाच्या डब्याजवळ ठेवला. "यातून चष्मा तरी—"

"तुझे आहेत, तू ठेव. या नव्याही पोकळच असतील ना?"

दिवस कलला. ताईने सुई घेतली, दोऱ्याचं टोक ओलं केलं आणि खिडकीकडे तोंड केलं. दोरा सुईच्या बाजूने गेला. तिने टोक कापून पुन्हा नेम धरला. पुन्हा चुकला. कॉटवर बसल्या बसल्या त्याने सवयीने हात पुढे केला होता. तिला तो दिसत होता. ती सुई आणखी डोळ्यांजवळ घेऊन टोक पुन्हा ओलं करत होती.